पाणथळीचा काठ : पनागर ते खंदारी

पाणथळ जागा पाहावयास गेलेला मनुष्य बहुधा प्रथम पाण्याच्या मध्यभागी दृष्टी टाकतो. तेथे त्यास दूरवर काही काळे ठिपके तरंगताना दिसतात. ती बदके आहेत की वारकरी, हे त्यास उमगत नाही आणि थोड्याच वेळात तो कंटाळून परत फिरतो. तोच मनुष्य जर पाण्याच्या कडेकडेने सावकाश दृष्टी फिरवीत गेला, तर चिखलातील पावलांच्या खुणा, गवताच्या बुडाशी निश्चल उभी असलेली ढोकरी, ओल्या मातीवर शेपटी हालवीत फिरणारा धोबी, शंखातून डोके बाहेर काढणारी गोगलगाय अशा कितीतरी गोष्टी त्यास दिसू लागतात. पाणथळीतील जीवनाचा फार मोठा भाग या काठालगतच्या पट्ट्यात एकवटलेला असतो. हा काठ कसा बनतो, त्यावर कोण राहते, तो कसा पाहावा आणि तो कशाने नाहीसा होतो, याची माहिती या पुस्तिकेत दिली आहे.

उदाहरणादाखल मध्य प्रदेशातील जबलपूर जिल्ह्याचा एक लहानसा टापू घेतला आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत जबलपूर व विदर्भ हे एकाच राज्याचे भाग होते आणि त्या राज्याची राजधानी नागपूर येथे होती. त्यामुळे हा प्रदेश मराठी वाचकांस अगदीच परका नाही. जबलपूर शहराच्या ईशान्येस सुमारे पंधरा किलोमीटरांवर पनागर हे गाव आहे. पनागरभोवतालची शेते, पनागर व जबलपूर यांच्या दरम्यान वाहणारी परियट नदी आणि जबलपूरजवळच्या डुमना येथील राखीव वनातील खंदारी जलाशय ही तीन स्थळे आपण क्रमाने पाहणार आहोत. येथे सांगितलेली निरीक्षणाची रीत मात्र आपल्या गावच्या तळ्यासही तितकीच उपयोगी पडेल.

१. पाणथळ कशास म्हणावे?

जमीन आणि पाणी यांच्या सीमेवरील जी जागा वर्षाचा काही काळ तरी उथळ पाण्याने व्यापलेली किंवा पाण्याने पूर्ण भिजलेली असते, तिला पाणथळ म्हणतात. दलदल, तळे, नदीकाठचा पूरपट्टा, खाडीचा चिखल, भातखाचर हे सर्व तिचेच प्रकार होत. इराणमधील रामसर या शहरी २ फेब्रुवारी १९७१ रोजी पाणथळींच्या रक्षणासाठी एक आंतरराष्ट्रीय करार झाला. १९८२ मध्ये भारत त्यात सामील झाला. या कराराने पाणथळीची व्याख्या मुद्दाम व्यापक ठेवली आहे. पाणी नैसर्गिक असो वा मनुष्याने अडविलेले, बारमाही असो वा हंगामी, साचलेले असो वा वाहते, ती जागा पाणथळच होय.

पाण्याखाली गेलेल्या मातीत एक महत्त्वाचा पालट घडून येतो. कोरड्या मातीच्या कणांमधील पोकळ्यांत हवा असते. त्या पोकळ्या पाण्याने भरल्या म्हणजे मुळांस व सूक्ष्म जीवांस मिळणारा प्राणवायू लवकरच संपतो. त्यानंतर ज्यांस प्राणवायूवाचून जगता येते असे जीवाणू तेथे काम करू लागतात. ते पालापाचोळा सावकाश कुजवितात. तळ्यातील चिखल उकरला असता येणारा कुजट वास आणि काठीने ढवळल्यावर वर येणारे बुडबुडे ही त्यांच्याच कामाची खूण होय.

अशा मातीत वाढणाऱ्या वनस्पतींस हवेची स्वतंत्र सोय करावी लागते. कमळाचा देठ आडवा कापून पाहिल्यास त्यात अनेक पोकळ नळ्या आढळतात. पाण्यावर तरंगणाऱ्या पानांकडून या नळ्यांवाटे चिखलातील कंदापर्यंत हवा पोहोचते. प्रयोगशाळा नसलेल्या शाळेतही हा छेद सहज दाखविता येईल.

२. पनागरची हवेलीची शेते

पनागर आणि त्याच्या आसपासचा सपाट, काळ्या मातीचा मुलूख ‘हवेली’ या नावाच्या शेतीपद्धतीसाठी पूर्वीपासून ओळखला जातो. येथे पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. काळी माती ओली झाली की फुगते व इतकी चिकट होते की तीत नांगर चालविणे कठीण जाते. तेथील शेतकऱ्यांनी या अडचणीतूनच एक युक्ती शोधून काढली. शेताच्या चारही बाजूंस मातीचे उंच बांध घालावयाचे, पावसाळ्यात पीक न घेता शेतात पाणी साठू द्यावयाचे आणि सप्टेंबरच्या अखेरीस किंवा ऑक्टोबरच्या आरंभी बांध फोडून ते सोडून द्यावयाचे. वरच्या शेतातील पाणी खालच्या शेतात, तेथून पुढे ओढ्यात, असे ते उतरत जाते. माती वाफशावर आली म्हणजे तीत गहू, हरभरा, मसूर, वाटाणा पेरतात. तीन महिने पाणी प्यालेली माती पुढे हे पीक बहुतांशी आपल्या ओलीवरच वाढविते.

या पद्धतीचे आणखी दोन लाभ होते. दीर्घकाळ पाण्याखाली राहिल्याने कासासारखी चिवट तणे गुदमरून मरत, आणि साठलेल्या पाण्याचा काही अंश भूमीत मुरून विहिरींस मिळे.

शेतकऱ्याच्या दृष्टीने हे गव्हाचे शेत होते. पाणपक्ष्यांच्या व बेडकांच्या दृष्टीने ती वर्षातून तीन महिने टिकणारी पाणथळ होती. पाणी कायमचे नसणे, हेच काही प्राण्यांस हितावह असते. बारमाही तळ्यात मासे असतात आणि ते बेडकांची पिले मटकावितात. नुकत्याच भरलेल्या शेतात मोठे मासे सहसा नसतात. म्हणून पहिल्या जोरदार पावसाबरोबर बेडूक अशा पाण्याकडे धाव घेतात आणि त्यांची पिले निर्वेधपणे वाढतात. पावसाळ्याच्या शेवटी थव्याथव्यांनी उडणाऱ्या पिवळसर चतुरांची एक जात अशाच तात्पुरत्या डबक्यांत अंडी घालते. तिची पिले काही आठवड्यांतच पूर्ण वाढून, पाणी आटण्यापूर्वी पंख पसरून निघून जातात. मोठी गोड्या पाण्यातील गोगलगाय पाणी ओसरताच चिखलात शिरते, शंखाचे तोंड झाकणाने घट्ट मिटून घेते आणि पुढल्या पावसाची वाट पाहत निपचित पडून राहते. तिला पाण्यात श्वास घेण्यासाठी कल्ला व हवेत श्वास घेण्यासाठी फुप्फुसासारखी पिशवी, अशी दोन्ही साधने असतात.

बांध फुटून पाणी उतरू लागले म्हणजे उघड्या पडणाऱ्या चिखलावर बगळे, ढोकऱ्या व करकोचे जमतात. रामसर कराराच्या वर्गीकरणात ‘हंगामी पाण्याखाली जाणारी शेतजमीन’ असा मानवनिर्मित पाणथळीचा एक स्वतंत्र वर्ग आहे. हवेलीचे शेत हे त्याचे उत्तम उदाहरण होय.

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत मात्र चित्र पालटले. पावसाळ्यात शेत रिकामे ठेवण्यापेक्षा त्यात सोयाबीन, आणि पुढे भात, घेणे अधिक लाभाचे ठरू लागले. नलिकाकूप आल्याने रब्बी पिकास साठविलेल्या ओलीची गरज उरली नाही. पुष्कळ बांध मोडले गेले. यात शेतकऱ्यास दोष देता येणार नाही, कारण एका वर्षात एकाऐवजी दोन पिके मिळणे ही लहान गोष्ट नव्हे. परंतु त्या बांधांबरोबर पाणी मुरविण्याची एक जुनी सोय आणि पाणपक्ष्यांचे एक मोठे चराऊ क्षेत्र, ही दोन्हीही संकोच पावली, याची नोंद अभ्यासकाने घ्यावयास हवी.

३. परियट आणि तिचे मगर

पनागरहून जबलपूरकडे येताना परियट नदी ओलांडावी लागते. ही नदी पुढे हिरण नदीस मिळते व हिरण नर्मदेस. परियटच्या डोहांत मगरांची वस्ती आहे. हिवाळ्यात ऊन चढल्यावर ते काठावर पहुडलेले दिसू शकतात.

मगर हा शीतरक्ताचा प्राणी आहे. आपल्या शरीराची उष्णता त्यास आतून नियंत्रित करता येत नाही. म्हणून थंडीत तो उन्हात पडून अंग तापवितो आणि फार तापल्यास पाण्यात उतरतो किंवा जबडा उघडा ठेवतो. उघड्या तोंडातील ओलाव्याची वाफ होते व त्यायोगे डोके थंड राहते. आ वासून पडलेला मगर पाहून तो हल्ल्याच्या तयारीत आहे, अशी समजूत होते. बहुधा तो केवळ आपले तापमान सांभाळीत असतो.

मादी उन्हाळ्याच्या आरंभी काठाच्या उतारावर खळगा खणून अंडी घालते. सुमारे दोन महिन्यांनी, पावसाळ्याच्या तोंडाशी, पिले बाहेर येतात. अंड्यातून नर निपजेल की मादी, हे त्या खळग्यातील उष्णतेवर अवलंबून असते. यावरून मगरास केवळ पाणी असून भागत नाही, हे स्पष्ट होईल. त्यास मातीचा मोकळा, उन्हाचा व पुराच्या पातळीहून उंच असा काठ लागतो. काठावरची माती खणून नेली किंवा तेथे दगडी भिंत उभारली, तर नदी वाहत राहील. परंतु मगरास अंडी घालण्यास जागा उरणार नाही.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. मगर माणसावर हल्ला करू शकतो. पाण्याखाली त्याचे अस्तित्व कळून येत नाही. त्यामुळे परियटचे निरीक्षण पुलावरून किंवा उंच काठावरून, गावकऱ्यांस विचारून व दुर्बिणीच्या साहाय्यानेच करावे.

४. खंदारीचा जलाशय

जबलपूर शहरापासून सुमारे दहा किलोमीटरांवर, विमानतळाच्या वाटेवर, डुमना येथे १०५८ हेक्टरांचे राखीव वन आहे. त्याची व्यवस्था जबलपूर महानगरपालिकेकडे आहे. या वनाच्या कुशीत खंदारी जलाशय आहे. शहरास पिण्याचे पाणी पुरविण्यासाठी १८८३ मध्ये बांध घालून तो निर्माण करण्यात आला. म्हणजे ही पाणथळसुद्धा मनुष्याच्याच गरजेतून जन्मास आली.

धरण बांधणाऱ्यांच्या मनात पक्षी नव्हते. त्यांना स्वच्छ पाणी हवे होते, आणि त्यासाठी जलाशयाभोवतीचे वन राखणे आवश्यक होते. वृक्षांची मुळे माती धरून ठेवतात, पालापाचोळा पावसाच्या थेंबांचा मारा झेलतो आणि जलाशयात गाळ कमी उतरतो. या राखलेल्या वनात आज चितळ, रानडुक्कर, साळिंदर, कोल्हा असे प्राणी राहतात. पाणी, उथळ काठ, गवताळ जागा व झाडी हे चार निवास एकमेकांस लागून असल्याने येथे थोड्याशा चालीत निरनिराळ्या प्रकारचे पक्षी दृष्टीस पडतात.

वनातील पायवाटेने जाताना आपण या निवासांची क्रमवार ओळख करून घेऊ शकतो. झाडीत हळद्या व सुतार पक्षी यांचे आवाज येतात. झाडी विरळ होऊन गवत लागले म्हणजे टिटवी ओरडून आपली वर्दी देते. ती आपली अंडी उघड्या जमिनीवरच्या खड्यांत घालते व त्यांचा रंग खड्यांशी इतका जुळतो की पाऊल पडेपर्यंत ती दिसत नाहीत. म्हणूनच वाट सोडून चालू नये, हा नियम केवळ शिस्तीसाठी केलेला नाही. गवत संपून ओली माती आली म्हणजे प्राण्यांच्या पावलांचे ठसे शोधावेत. दोन टोकदार अर्धांचा खूर चितळाचा, आणि नखांच्या खुणांसह उमटलेला चार बोटांचा लांबट ठसा कोल्ह्याचा वा कुत्र्याचा. खंदारीच्या पाण्यातही मगर आहेत. यास्तव पाण्याच्या अगदी कडेस जाण्याचा मोह टाळावा.

५. चोच, पाय आणि पाण्याची खोली

आता काठाकडे नीट पाहू. दुरून एकसारखा वाटणारा हा पट्टा खरे पाहता अनेक अरुंद पट्ट्यांचा बनलेला आहे. कोरडी माती, ओला चिखल, बोटभर पाणी, गुडघाभर पाणी, आणि मग खोल पाणी. प्रत्येक पट्ट्यात अन्न निराळे आहे आणि ते घेण्यासाठी लागणारे साधनही निराळे आहे. पक्ष्याचे नाव ठाऊक नसले तरी त्याचे पाय व चोच पाहून तो कोणत्या पट्ट्यात जेवतो, हे सांगता येते.

ओल्या चिखलावर धोबी व तुतवार फिरतात. त्यांचे पाय आखूड व चोच बारीक असते. चिखलाच्या पृष्ठभागावरचे किडे ते वेचतात. त्यापुढील पाण्यात शेकाट्या उभा असतो. त्याचे तांबूस पाय शरीराच्या मानाने कमालीचे लांब असल्याने इतर लहान पक्ष्यांस न पोहोचणाऱ्या पाण्यात तो निवांतपणे वावरतो. त्याहून खोल जागी बगळे व करकोचे उभे राहतात.

उघड्या चोचीचा करकोचा विशेष लक्ष देऊन पाहण्याजोगा आहे. चोच मिटली तरी तिच्या मध्यभागी फट राहते. पिलांच्या चोचीत ही फट नसते. वय वाढेल तशी ती पडत जाते. हवेलीच्या शेतात आपण जी मोठी गोगलगाय पाहिली, ती या पक्ष्याचे मुख्य अन्न होय. पुष्कळांचा असा समज असतो की, तो अडकित्त्याप्रमाणे शंख फोडतो. वस्तुतः तो शंख पाण्यातच धरून, खालच्या चोचीचे टोक झाकणाच्या आत सारून, गोगलगाईस शंखाशी बांधून ठेवणारा स्नायू तोडतो आणि मग तिला बाहेर ओढून गिळतो.

कमळाच्या पानांवर कमळपक्षी चालतो. त्याची बोटे व नखे अतिशय लांब असल्यामुळे त्याचा भार पानावर विस्तृत पसरतो व पान बुडत नाही. या पक्ष्यात संसाराची वाटणीही निराळी आहे. मादी एकाहून अधिक नरांशी जोडी जमविते व त्यांच्या हवाली अंडी करून जाते. अंडी उबविणे आणि पिले सांभाळणे ही कामे नर करतात.

पोहणाऱ्या पक्ष्यांत थापट्या बदकाची चोच फावड्यासारखी रुंद असते. तिच्या कडांस फणीसारखे दाते असतात. पाणी आत घेऊन ते या दात्यांतून गाळून टाकले की सूक्ष्म जीव व बिया मागे उरतात. टिबुकली मात्र बुडी मारून खालचे अन्न आणते. पाणकावळा खोल पाण्यात माशांचा पाठलाग करतो. त्याची पिसे बदकाच्या पिसांप्रमाणे जलरोधक नसतात. ती भिजतात, आणि भिजल्यानेच त्यास बुडी मारणे सोपे जाते. मात्र बाहेर आल्यावर पंख पसरून वाळवावे लागतात. एखाद्या खुंटावर पंख उघडून बसलेल्या पाणकावळ्याचे रहस्य ते हेच.

इतके पक्षी एकाच काठावर फारशी स्पर्धा न करता कसे राहतात, याचे उत्तर या वाटणीत आहे. काठाचा उतार जितका सौम्य, तितके हे पट्टे रुंद. उतार एकदम तुटलेला असेल, तर कोरडी जमीन संपताच खोल पाणी सुरू होते आणि मधले सर्व पट्टे नाहीसे होतात.

६. वर्षाचे चक्र

पाणथळ पाहावयास एकदाच जाणे म्हणजे एखाद्या ग्रंथाचे एकच पान वाचण्यासारखे आहे. पावसाळ्यात पाणी चढते, काठचे गवत बुडते व त्याच्या आश्रयाने किडे आणि माशांची पिले वाढतात. अडई व हळदी-कुंकू बदक यांसारखे आपल्याच देशात राहणारे पक्षी या काळात वीण करतात. ऑक्टोबरपासून उत्तरेकडील पाहुणे येऊ लागतात. चक्रवाक, तलवार बदक, थापट्या ही बदके हिमालयापलीकडील प्रदेशांतून आणि मध्य व उत्तर आशियातून येतात व मार्चच्या सुमारास परततात. नेमक्या याच काळात आपल्याकडील पाणी हळूहळू ओसरत असते आणि दर आठवड्यास चिखलाचा नवा पट्टा उघडा पडत असतो. पाहुण्यांस रोज नवे पान वाढले जाते, असे म्हणावयास हरकत नाही.

उन्हाळ्यात आणखी पाणी आटते. उघड्या पडलेल्या चिखलात हवा शिरते, साचलेला पालापाचोळा जलद कुजतो व त्यातील क्षार मोकळे होतात. पुढल्या पावसात त्याच क्षारांवर नवे शेवाळ व नवे गवत पोसते. चढ आणि उतार या दोहोंच्या योगानेच पाणथळ जिवंत राहते. बारा महिने काठोकाठ भरलेले तळे डोळ्यांस प्रसन्न वाटले, तरी जीवांच्या दृष्टीने ते त्या मानाने निर्धन असू शकते.

७. निरीक्षणाची रीत

सहलीस सूर्योदयाच्या सुमारास निघावे. सूर्य आपल्या पाठीशी राहील अशी जागा निवडावी. प्रकाशाकडे तोंड केल्यास सर्व पक्षी काळेच दिसतात. कपडे मातकट वा हिरवट रंगाचे असावेत. आठपट मोठे दाखविणारी दुर्बीण शाळेस पुरेशी आहे. दहा विद्यार्थ्यांत एक असली तरी काम भागते.

जागेवर पोहोचताच दहा मिनिटे सर्वांनी निःशब्द बसावे. आपल्या आगमनाने दबलेले प्राणी तेवढ्या वेळात पुन्हा आपापल्या कामास लागतात. त्यानंतर काठाचे पट्टे ठरवून, डावीकडून उजवीकडे, एकेक पट्टा पाहावा. मोठा थवा मोजताना प्रथम दहा पक्षी मोजून त्यांनी व्यापलेली जागा डोळ्यांत भरून घ्यावी आणि तशा किती जागा थव्यात बसतात, हे पाहावे. दर जानेवारीत आशिया खंडात पाणपक्ष्यांची जी गणना १९८७ पासून होत आली आहे, तीतही मोठ्या थव्यांचा अंदाज अशाच रीतीने घेतात.

टिपणवहीत तारीख, वेळ, हवामान, पाण्याची पातळी, पट्टा, पक्ष्याचे वर्णन, संख्या व त्याचे कार्य हे रकाने असावेत. नाव ठाऊक नसेल तर रकाना कोरा ठेवून चोच, पाय व रंग लिहावे. अंदाजाने लिहिलेल्या नावापेक्षा प्रामाणिक वर्णन अधिक मोलाचे असते. पक्ष्यांचे ध्वनिमुद्रित आवाज वाजवून त्यांस जवळ बोलावू नये, घरट्याजवळ थांबू नये, माकडांस खाऊ घालू नये.

८. काठ कसा नाहीसा होतो?

जबलपूर हे बावन्न तलावांचे नगर, अशी परंपरागत ख्याती आहे. गढ्याच्या गोंड राजांच्या काळी हे तलाव खोदले गेले. त्यांतील राणीतालाचा संबंध १५६४ मध्ये रणांगणावर देह ठेवणाऱ्या राणी दुर्गावतीशी, चेरीतालाचा तिच्या दासीशी व आधारतालाचा तिचा दिवाण आधारसिंह याच्याशी लोकपरंपरा जोडते. यांतील अनेक तलाव बुजले वा संकोचले. पुष्कळ ठिकाणी ताल हा शब्द वस्तीच्या नावात राहिला, पाणी राहिले नाही.

काठ नष्ट होण्याचे मुख्य प्रकार चार आहेत. पहिला भराव. उन्हाळ्यात कोरडा पडलेला काठ ‘रिकामी जागा’ समजून त्यावर माती टाकली जाते. दुसरा सुशोभन. तलावाभोवती उभी भिंत व फरसबंदी केली की फिरावयास सोय होते, परंतु वर वर्णिलेले सर्व पट्टे एका दिवसात संपतात. तिसरा सांडपाणी. गोठ्यांतील शेण व घरांतील मैला पाण्यात उतरला की क्षार अतोनात वाढतात आणि जलपर्णी फोफावते. दक्षिण अमेरिकेतून आलेली ही वनस्पती पाणी झाकून टाकते व खालचा प्रकाश आणि प्राणवायू हिरावते. जबलपूर-पनागर मार्गावरील महाराजपूर येथे १९८९ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय तण संशोधन संस्था आहे. जलपर्णी खाणाऱ्या, मूळच्या दक्षिण अमेरिकेतीलच भुंग्यांच्या साहाय्याने तिचा बंदोबस्त करण्यावर तेथे संशोधन झाले आहे. हा उपाय सावकाश चालतो, आणि मूळचे सांडपाणी थांबविल्यावाचून तो पुरा पडत नाही.

चौथा प्रकार गाळाचा. त्याचे रूप दुहेरी आहे. नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यात गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळ नांदूर मध्यमेश्वर येथे सिंचनासाठी बंधारा बांधण्यात आला. त्यामागे वर्षानुवर्षे गाळ साचून बेटे, उथळ पाणी व पाणवनस्पती निर्माण झाल्या आणि तेथे पक्ष्यांचे मोठे आश्रयस्थान बनले. १९८६ मध्ये ते अभयारण्य झाले व पुढे महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरले. ज्या गाळाने ही पाणथळ घडविली, तोच अमर्याद वाढला तर उघडे पाणी भरून काढून तिचे रानात रूपांतर करील. म्हणून गाळ किती काढावा व कोठून काढावा, हा प्रश्न तेथे नाजूक आहे.

कायद्याचे साह्य किती आहे, हेही जाणून घ्यावयास हवे. भारताच्या २०१७ च्या पाणथळ संवर्धन व व्यवस्थापन नियमांत पाणथळीची व्याख्या रामसर कराराच्या धर्तीवरच आहे. मात्र तीतून नदीचे पात्र, भातशेती, आणि खास पिण्याच्या पाण्यासाठी वा सिंचनासाठी बांधलेले जलाशय वगळले आहेत. शेती व पाणीपुरवठा यांच्या दैनंदिन कामांत अडथळा येऊ नये, हा त्यामागील विचार समजण्यासारखा आहे. परंतु त्याचा परिणाम असा की, आज आपण पाहिलेल्या तीन स्थळांपैकी परियटचे पात्र या नियमांच्या व्याख्येबाहेर राहते, पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेला खंदारी जलाशयही बाहेर राहतो, आणि हवेलीच्या ज्या शेतांत आता भात उभा आहे, तीही बाहेर राहतात. मगर व चितळ यांस वन्यजीवरक्षणाच्या कायद्याचे संरक्षण आहे. त्यांच्या पायाखालच्या काठास तसे सर्वत्र नाही.

अशा जागा टिकण्यासाठी त्यांची बारकाईने माहिती असणारी माणसे जवळपास असणे अत्यावश्यक ठरते. भिंत बांधण्याचा ठराव पुढे येईल तेव्हा, ‘या काठावर गेली पाच वर्षे जानेवारीत अमुक इतके शेकाटे उतरले’, असे टिपणवही उघडून सांगू शकणारी शाळा त्या गावात असेल, तर निर्णय करणाऱ्यांसमोर निदान पूर्ण चित्र उभे राहील. विद्यार्थ्याच्या साध्या नोंदीचे महत्त्व येथे आहे.

९. विद्यार्थ्यांसाठी अभ्यास

१. आपल्या गावातील तळे, ओढा किंवा भातखाचर निवडा. काठावरील एका ठरावीक जागी उभे राहून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्याचे रेखाचित्र काढा. बारा चित्रे शेजारी ठेवून पाणी किती चढले व उतरले, ते सांगा.

२. कमळ, गवत व तुळस यांच्या देठांचे आडवे छेद पाहा. पोकळ नळ्या कोठे आढळतात? का?

३. पाच पाणपक्ष्यांच्या चोची व पाय यांची चित्रे काढून प्रत्येक पक्षी काठाच्या कोणत्या पट्ट्यात जेवत असेल, ते प्रथम तर्काने लिहा. नंतर प्रत्यक्ष पाहून तर्क पडताळा.

४. गावातील वृद्ध शेतकऱ्यांस विचारून, पूर्वी पाणी साठत असे परंतु आता साठत नाही अशा जागांचा नकाशा तयार करा. बदलाचे कारण व त्यापासून झालेला लाभ आणि हानी, दोन्ही नोंदवा.

५. आपल्या तळ्याच्या काठास भिंत बांधावयाची आहे असे समजा. भिंतीच्या बाजूने व विरुद्ध प्रत्येकी तीन मुद्दे लिहा, आणि फिरणाऱ्यांची सोय होऊनही सौम्य उतार राखता येईल असा एक आराखडा सुचवा.